हरवलेल्या वर्षांचा हिशेब

१९८७ साली 'इकॉलॉजी' या अमेरिकी नियतकालिकात बारा पानांचा एक लेख प्रसिद्ध झाला. लेखक तिघे : डेबोरा क्राउस, लॅरी क्राउडर आणि हॅल कॅसवेल. विषय होता लॉगरहेड जातीचे समुद्री कासव, आणि लेखाचा गाभा होता सात ओळी व सात स्तंभांचे एक कोष्टक. तोवर कासव वाचवायचे म्हणजे किनाऱ्यावर पहारा ठेवायचा, अंडी कोल्ह्याकुत्र्यांपासून आणि माणसांपासून राखायची, पिल्ले समुद्रात सोडायची, अशीच सर्वसाधारण समजूत होती. तिच्यावर पैसा, मनुष्यबळ आणि पुष्कळ माया खर्च होत होती. या कोष्टकाने सांगितले की सगळ्याच्या सगळ्या अंड्यांमधून पिल्ले निघाली आणि ती सगळी पहिले वर्ष जगली, तरी कासवांची संख्या घटतच राहील.

मी गणिताची विद्यार्थिनी नव्हे. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात बावीस वर्षे जमाखर्चाची पाने जुळवली, तेवढाच आकड्यांचा सराव. कोकण किनाऱ्यावरच्या कासवांविषयी कागद जमवताना हा लेख हाती आला आणि त्यातले गणित स्वतः करून पाहिल्याशिवाय चैन पडेना. त्यात दोन पावसाळे गेले. पण एकदा उलगडल्यावर लक्षात आले की हे गणित सातवीतल्या मुलाला गुणाकार येत असेल तर समजण्यासारखे आहे, आणि आज समुद्रातल्या प्लॅस्टिकबद्दल आपण जे बोलतो त्याला याच कोष्टकाशिवाय आधार नाही.

या कोष्टकाची वंशावळ मजेशीर आहे, आणि ती आपल्या बाजूच्या जगातून सुरू होते. १९४१ साली रंगून विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे हारो बर्नार्डेली यांनी 'जर्नल ऑफ द बर्मा रिसर्च सोसायटी'त एक लेख लिहिला. ब्रह्मदेशाच्या जनगणनांमध्ये वयोगटांची संख्या लाटांसारखी वरखाली होताना त्यांना दिसत होती. ती का होते हे सांगण्यासाठी त्यांनी एक काल्पनिक भुंगा घेतला. तो तीन वर्षे जगतो आणि तिसऱ्या वर्षीच वीण देतो. पहिल्या वर्षातून निम्मे भुंगे पुढे जातात, दुसऱ्यातून एकतृतीयांश, आणि तिसऱ्या वर्षी प्रत्येक मादीला सहा पिल्लू-माद्या होतात. अर्धा गुणिले एकतृतीयांश गुणिले सहा, उत्तर एक. म्हणजे दर तीन वर्षांनी संख्या जिथल्या तिथे, पण मधल्या काळात लाटा. हे आकडे त्यांनी चौकटीत मांडले. पुढच्याच वर्षी, १९४२ साली, प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या कलकत्त्याच्या 'संख्या' या नियतकालिकात ई. जी. लुईस यांचा चार पानी लेख आला. त्यातही हीच कल्पना आहे. महायुद्धाच्या धामधुमीत रंगून आणि कलकत्त्याचे हे कागद फारशा कोणाच्या नजरेस पडले नाहीत.

नाव झाले ते ऑक्सफर्डच्या पॅट्रिक लेस्ली यांचे. त्यांचे वैद्यकीय शिक्षण प्रकृतीमुळे अर्धवट राहिले, काही वर्षे त्यांनी जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यकाचे काम केले, आणि मग ते संख्याशास्त्राकडे वळले. १९३५ साली ते चार्ल्स एल्टन यांच्या प्राणिसंख्या अभ्यास केंद्रात रुजू झाले. तिथे काम होते उंदीर-घुशींचे. युद्धकाळात धान्याची कोठारे राखायची तर उंदीर किती वेगाने वाढतात हे कळायला हवे होते. १९४५ साली 'बायोमेट्रिका'त लेस्लींचा लेख आला आणि वयोगटांच्या त्या चौकटीला आजही लेस्ली मॅट्रिक्स म्हणतात. वरच्या ओळीत प्रत्येक वयाच्या मादीला होणारी पिल्ले, आणि तिच्या खाली तिरप्या रेषेत एका वयातून पुढच्या वयात जिवंत पोचण्याचे प्रमाण. यंदाची संख्या या चौकटीतून काढली की पुढच्या वर्षीची मिळते.

कासवाच्या बाबतीत मात्र वय हीच अडचण. गाईचे वय दातांवरून सांगता येते, झाडाचे खोडाच्या वलयांवरून. समुद्रात पोहणाऱ्या कासवाकडे पाहून त्याचे वय सांगता येत नाही, आकार मात्र मोजता येतो. ही सोय १९६५ साली लेफकोविच यांनी करून ठेवली होती. साठवणीच्या मालातल्या किडींवर काम करताना त्यांनी वयाऐवजी अवस्था धरल्या : अंडे, अळी, कोश, पूर्ण वाढलेला किडा. क्राउस आणि सहकाऱ्यांनी तीच रीत कासवाला लावली. ब्रह्मदेशाची माणसे, ऑक्सफर्डचे उंदीर, कोठारातले किडे आणि मग कासव, असा हा प्रवास.

चौकट तयार होती, तिच्यात भरायचे आकडे कुठून आणायचे? ते आले अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या लिटल कंबरलँड या लहानशा बेटावरून. १९६४ पासून तिथे अंडी घालायला येणाऱ्या माद्यांच्या पुढच्या पायाला धातूचे बिल्ले लावले जात. दर वर्षी रात्रीमागून रात्री किनारा चालून कोणता बिल्ला परत आला आणि कोणता आला नाही याची नोंद होत होती. या नोंदींवरून नॅट फ्रेझर यांनी जगण्याची प्रमाणे काढली. वीस वर्षांच्या रात्रपाळ्या नसत्या तर कॅसवेल यांच्यासारख्या गणितज्ञापुढे रिकामी चौकट राहिली असती. हिशेबाच्या कामात असताना मी हे फार वेळा पाहिले आहे : ताळेबंदावर सही एकाची असते, पावत्या फाडणारे दुसरेच असतात.

आता आकडे. अंड्यापासून पहिल्या वर्षाअखेर जगण्याचे प्रमाण ०.६७४७ धरले होते. एक ते सात वर्षांची लहान पोरे, त्यांचे दर वर्षीचे प्रमाण ०.७८५७. आठ ते पंधरा वर्षांची मोठी पोरे, ०.६७५८. सोळा ते एकवीस वर्षांची उपप्रौढ, ०.७४२५. बाविसाव्या वर्षापासून माद्या अंडी घालू लागतात आणि त्यांचे प्रमाण ०.८०९१. या आकड्यांची चौकट सोडवली की कासवांची संख्या वर्षाला साधारण साडेपाच टक्क्यांनी घटते असे उत्तर येते. मॅट्रिक्स बाजूला ठेवून मी नुसता गुणाकार केला. दहा हजार अंडी घ्या. वर्षाअखेर ६,७४७ पिल्ले उरतात. पुढची सात वर्षे काढल्यावर १,२४७. त्यापुढच्या आठ वर्षांनंतर ५४. आणि उपप्रौढ अवस्थेची सहा वर्षे संपताना ९. दहा हजारांत नऊ.

हे नऊ वाढवायचे कसे? पहिल्या वर्षी एकही पिल्लू मेले नाही असे धरले, म्हणजे अशक्य तेवढा यशस्वी पहारा, तरी नवाचे तेरा-चौदा होतात. ते पुरत नाहीत. उलट आठ ते पंधरा वयाच्या पोरांचे वार्षिक प्रमाण ०.६७५८ वरून फक्त ०.७७ वर नेले, तर नवाचे सव्वीस होतात आणि घसरण थांबते. कारण साधे आहे. पहिले वर्ष हे एकच दार. मोठ्या पोरांची अवस्था म्हणजे एकापाठोपाठ आठ दारे. प्रत्येक दार थोडे रुंद केले की परिणाम आठ वेळा गुणला जातो. चक्रवाढ व्याज ज्याने भरले आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्या आठ दारांवर कासवे कशाने मरत होती, याचे उत्तर सगळ्यांना माहीत होते. कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात. कासवाला श्वासासाठी वर यावे लागते. तासन् तास ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात ते गुदमरून मरते. १९९० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अहवालाने तर म्हटले की तिथल्या पाण्यात कोळंबीची जाळी इतर सर्व मानवी कारणांच्या बेरजेपेक्षा जास्त कासवे मारतात. उपाय जॉर्जियाच्याच एका मच्छीमाराकडे होता. सिंकी बून यांनी जाळ्यात भरणारे जेलीफिश बाहेर टाकण्यासाठी सळ्यांची एक चौकट बसवली होती. त्याच वाटेने कासवही बाहेर पडू लागले. या कल्पनेतून टेड नावाचे कासवमुक्ती साधन पुढे आले आणि १९८७ पासून अमेरिकी बोटींवर त्याची सक्ती सुरू झाली. मच्छीमारांनी कडाडून विरोध केला, बंदरे अडवली. तरी नियम टिकला, आणि तो टिकण्यात त्या सात ओळींच्या कोष्टकाचा वाटा होता.

१९८९ च्या कायद्याने अमेरिकेने हीच अट आयात कोळंबीलाही लावली. त्याविरुद्ध भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ च्या निकालात अमेरिकेचा कासव वाचवण्याचा हेतू मान्य झाला, पण सर्व देशांना सारखी वागणूक न दिल्याचा ठपका तिच्यावर आला. आपल्याकडे तो विजय म्हणून सांगितला गेला. सार्वभौमत्वाचा मुद्दा खरा होता, मी तो नाकारत नाही. पण गुदमरणाऱ्या कासवाला त्या विजयातून काही मिळाले नाही. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने भारतीय जाळ्यांसाठी स्वतःचे टेड तयार केले, ते चांगलेही आहे, पण बोटींवर ते सर्रास बसले नाही, आणि २०१९ पासून अमेरिकेने भारताची समुद्रातून पकडलेली कोळंबी घेणे बंद केले.

इथवर प्रदूषणाचे नाव आलेले नाही. ते येते कोष्टकाच्या दुसऱ्या ओळीत, एक ते सात वर्षांच्या पोरांच्या घरात.

आर्ची कार हे फ्लोरिडा विद्यापीठातले कासवांचे मोठे अभ्यासक. किनाऱ्यावरून समुद्रात शिरलेले पिल्लू पुढे कुठे जाते हा त्यांचा जन्मभराचा प्रश्न होता. पिल्ले दिसेनाशी होत आणि ताटाएवढी झाल्यावरच कुठेतरी पुन्हा दिसत. या काळाला कार यांनी 'हरवलेले वर्ष' म्हटले. पुढे कळले की ते एक वर्ष नसून अनेक वर्षे आहेत. दोन प्रवाह जिथे मिळतात तिथे समुद्राच्या पृष्ठभागावर लांबच लांब पट्टे तयार होतात, त्यात तरंगते शेवाळ जमते, त्याच्या आधाराने बारीक जीव राहतात, आणि कासवाची पोरे तिथेच लपतात, तिथेच खातात. १९८७ साली, म्हणजे क्राउस यांचा लेख आला त्याच वर्षी, कार यांचा एक लेख 'मरीन पोल्यूशन बुलेटिन'मध्ये आला. त्यात त्यांनी दाखवले की जे पाणी शेवाळ गोळा करते तेच पाणी प्लॅस्टिक, डांबर आणि सुटलेल्या जाळ्यांचे तुकडेही तिथेच गोळा करते. पाळण्यातच कचरा. त्याच वर्षी कार वारले.

हे दोन लेख शेजारी ठेवून वाचावेत असे मला वाटते. एकाने सांगितले की अनेक वर्षांच्या अवस्थेतला लहानसा बदल सर्वांत जड असतो. दुसऱ्याने सांगितले की अशाच एका अवस्थेत नवे संकट शिरले आहे. मधला दुवा, म्हणजे खाल्लेले प्लॅस्टिक नेमके किती मारते, हा तीस वर्षे अडून राहिला.

अडण्याचे कारण विचार करण्यासारखे आहे. मेलेल्या कासवाच्या पोटात प्लॅस्टिक सापडले म्हणजे ते प्लॅस्टिकने मेले असे होत नाही. जिवंत आणि धडधाकट कासवाच्या पोटातही ते असू शकते, आणि त्याचे पोट तर आपण फाडत नाही. २०१८ साली ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेतले ख्रिस विल्कॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर सुरेख तोड काढली. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरची शवविच्छेदने आणि वाहून आलेल्या कासवांच्या नोंदी मिळून जवळपास एक हजार कासवांची माहिती त्यांनी घेतली आणि तिचे गट पाडले. काही कासवे बोटीच्या धडकेने किंवा बुडून मेली होती. त्यांच्या मरणाशी प्लॅस्टिकचा संबंध नव्हता, म्हणून त्यांच्या पोटात जेवढे प्लॅस्टिक होते तेवढे जगत्या कासवाच्या पोटात असू शकते असे धरता येते. दुसऱ्या टोकाला आतडे अडून किंवा फाटून मेलेली कासवे. मध्ये कारण न कळलेली. या गटांची तुलना करून त्यांनी एक वळणरेषा काढली. एक तुकडा पोटात असेल तर त्यामुळे मरण्याची शक्यता २२ टक्के. चौदा तुकड्यांना ती ५० टक्क्यांवर जाते. कासवाच्या घशात मागे वळलेले काटे असतात. गिळलेले निसटू नये म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे, पण तिच्यामुळे एकदा आत गेलेला तुकडा उलटून बाहेर येत नाही.

याच अभ्यासातला दुसरा आकडा वर्तमानपत्रांनी फारसा उचलला नाही, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रौढ कासवांपैकी १६ टक्क्यांच्या पोटात प्लॅस्टिक होते. पोरांमध्ये २३ टक्के. नुकतीच समुद्रात गेलेल्या पिल्लांमध्ये ५४ टक्के. कार यांनी बोट दाखवले होते तिथेच.

२२ टक्के हा आकडा उचलून थेट कोष्टकात घालता येत नाही. तो पोटातल्या साठ्याचा आकडा आहे, वर्षाचा नव्हे. कासव वर्षाला किती तुकडे गिळते, त्यातले किती बाहेर पडतात, हे त्या-त्या समुद्रावर अवलंबून. म्हणून मी दुसऱ्या बाजूने हिशेब केला. समजा, प्लॅस्टिकमुळे लहान पोरांचे वार्षिक जगणे फक्त पाच टक्क्यांनी कमी झाले. हे पाच टक्के मी गृहीत धरले आहेत, कोणी मोजलेले नाहीत. एका वर्षात ते जाणवणारही नाहीत. पण दारे सात आहेत. ०.९५ सात वेळा गुणले की ०.७० उरते. म्हणजे सात वर्षांअखेर १,२४७ ऐवजी ८७१ पोरे, आणि प्रौढ होणारी नवाची सहा. एवढी तूट किनाऱ्यावर भरून काढायची तर पहिल्या वर्षाचे जगणे ६७ टक्क्यांवरून ९७ टक्क्यांवर न्यावे लागेल. कोणत्याही गावाला, कोणत्याही वनखात्याला ते जमणार नाही. पिल्लू पाण्यात शिरल्यावर पहिले कित्येक महिने त्याला खाणारे मासे आणि पक्षी थोडे आहेत का?

पाच टक्के ही भीती घालण्यासाठी फुगवलेली संख्या आहे असे कोणाला वाटेल, तर त्याने दोन टक्के घ्यावेत. ०.९८ सात वेळा गुणून १३ टक्क्यांची तूट येते. ती तरी भरून काढणारी हॅचरी मला दाखवावी.

प्लॅस्टिक हळू मारते, तेल एकदम. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेल खोदणाऱ्या फलाटावर स्फोट झाला. किती कासवे मेली याचा सरकारी अंदाज पुढे बांधला गेला. शोधबोटी तेलाच्या पट्ट्यांपैकी थोड्याच भागात फिरू शकल्या होत्या. तिथे सापडलेल्या पोरांच्या दाटीवरून सगळ्या तेलाच्या क्षेत्राचा हिशेब मांडला. उत्तर आले : छप्पन हजार ते एक लाख सहासष्ट हजार लहान पोरे. वरची संख्या खालच्या संख्येच्या तिप्पट. यावर हसणारे मला भेटले आहेत. मला मात्र हा प्रामाणिकपणा वाटतो. एकच गोळीबंद आकडा दिला असता तर मी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता.

त्याच आखातात केम्प्स रिडले हे आपल्या ऑलिव्ह रिडलेचे सख्खे भावंड राहते. १९४७ च्या एका चित्रफितीवरून मेक्सिकोच्या रांचो नुएवो किनाऱ्यावर एका दिवसात चाळीस हजार माद्या आल्याचा अंदाज बांधला गेला होता. १९८५ साली अख्ख्या हंगामात ७०२ घरटी मोजली गेली. किनाऱ्यावरचा पहारा आणि बोटींवरचे टेड अशा दोन्ही उपायांनी संख्या पुन्हा चढू लागली, इतक्या नियमाने की प्रतिमानाची रेषा आणि प्रत्यक्ष मोजणी जवळजवळ एकावर एक पडत होत्या. २००९ पर्यंत घरटी वीस हजारांच्या घरात गेली. २०१० साली ती एकाएकी घसरली आणि आधीचा वेग पुन्हा आला नाही. तेलामुळे का, यावर वाद आहे, कारण घसरण स्फोटाच्या त्याच हंगामात दिसली. प्रतिमानाचा उपयोग इथे वेगळाच झाला. काय व्हायला हवे होते हे रेषेने आधीच सांगून ठेवले होते, म्हणून काहीतरी बिघडले हे त्याच वर्षी कळले.

आता आपल्या किनाऱ्याकडे. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००२ पासून ऑलिव्ह रिडलेची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी ती अंडी बहुतेक गावकऱ्यांच्या टोपल्यांतून जात. अंडी चोरणारेच पुढे त्यांचे राखणदार झाले, आणि हे काम रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गाच्या कितीतरी गावांत पसरले. जॉर्जियाचे कोष्टक वाचून 'मग हॅचऱ्या व्यर्थ' असे म्हणणारे थोडे घाईत आहेत. ते कोष्टक लॉगरहेडचे आहे. रिडले त्याच्यापेक्षा लहान आणि लवकर वयात येणारे. शिवाय तिथे पहिल्या वर्षाचा आकडा ०.६७ होता. वेळासला २००२ पूर्वी तो शून्याच्या जवळ असणार. शून्याने गुणले की पुढची सगळी दारे सताड उघडी असूनही उत्तर शून्यच. पहिले दार उघडणे आधी आवश्यक होते, आणि ते या लोकांनी उघडले.

माझी तक्रार वेगळी आहे. दर वर्षी मे महिन्यात आपण वाचतो : इतकी घरटी, इतकी पिल्ले समुद्रात सोडली. मोजायला सर्वांत सोपा तो आकडा, म्हणून तोच छापून येतो. त्याच महिन्यात, वारे फिरले की, गोव्यापासून रायगडापर्यंतच्या वाळूत डांबराचे गोळे वाहून येतात. भर समुद्रात सांडलेल्या तेलाचे ते उरलेले रूप. त्यांच्यासोबत जाळ्यांचे निळे-हिरवे तुकडे आणि गुटख्याच्या पुड्या. पिल्ले त्याच पाण्यात जातात. या दोन बातम्या एका पानावर मी कधी पाहिल्या नाहीत.

समुद्रातल्या दारांची माहिती आता थोडी थोडी मिळू लागली आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर 'प्रथमा' नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला. त्या हंगामात आणखी चार माद्यांना तो लावला. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली 'बागेश्री' भारताचे टोक ओलांडून बंगालच्या उपसागरात गेली. पूर्व किनाऱ्याची कासवे वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, हे सोपे चित्र त्यामुळे हलले. आणि जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर धातूचा बिल्ला सापडला. क्रमांक ०३२३३. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर तो लावला होता. त्यासाठी उपग्रह लागला नाही. रात्री किनाऱ्यावर चालणाऱ्या कोणीतरी विजेरीच्या प्रकाशात आकडे वाचले आणि लिहून ठेवले, लिटल कंबरलँडवर १९६४ पासून लिहीत होते तसे. जाळी, तेल आणि प्लॅस्टिक यांमधून चार वर्षे काढलेली एक मादी. प्रौढ माद्यांच्या घरात जो आकडा भरायचा, तो अशाच नोंदींतून निघतो.